अरेबिया माउंटनला हद्द मिळाली, आता त्या हद्दीला अधिकार द्या

अटलांटात राहणाऱ्या मराठी माणसाला स्टोन माउंटन माहीत असतोच. भारतातून आईबाबा आले की पहिल्या एक-दोन विकेंडमध्ये त्यांना तिकडे नेतात, केबल कारने वर, फोटो, खाली आलं की सावलीत बसून पोळी-भाजी. पण तिथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत, आय-२० हायवेच्या दक्षिणेला अरेबिया माउंटन नावाचा दुसरा कातळ आहे, त्याच्याबद्दल विचारलं तर बहुतेक जण म्हणतात ऐकलंय, गेलो नाही. जे जातात ते मार्चमध्ये जातात, कारण तेव्हा कातळावर लाल गालिचा येतो आणि फोटो भारी येतात. मला या जागेबद्दल फोटोच्या पलीकडचं बोलायचंय, कारण मागच्या काही वर्षांत ही जागा बघताना माझं मत हळूहळू पक्कं होत गेलंय आणि ते मत असं आहे, की अमेरिकेने इथे एक फार शहाणपणाची गोष्ट केली आणि मग ती अर्धवट सोडून दिली.

आधी जागा काय आहे ते सांगतो. अटलांटा शहराच्या मध्यापासून पूर्वेकडे साधारण ३० किलोमीटर, जॉर्जिया राज्यातल्या डीकाल्ब काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), लिथोनिया आणि स्टोनक्रेस्ट या गावांच्या बाजूला. डोंगर म्हणायला हा ठेंगणाच आहे, समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्याही थोडा खाली, सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तर टेकाडच वाटेल. पण वर गेलात की झाडं संपतात आणि समोर नुसता उघडा करडा दगड पसरलेला, चंद्रावर आल्यासारखं वाटतं. सगळे याला ग्रॅनाइट म्हणतात, धंद्यातही तेच नाव चालतं, पण भूशास्त्रज्ञ याला लिथोनिया नाइस म्हणतात, म्हणजे आधीच्या खडकाला जमिनीच्या खोल पोटात प्रचंड दाब आणि उष्णता लागून अर्धवट वितळून परत घट्ट झालेला दगड, आणि म्हणून त्याच्यावर काळ्या-पांढऱ्या वळणावळणाच्या रेघा दिसतात. वय सुमारे ४० कोटी वर्षं. आपला दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटींच्या आसपासचा, त्याच्यापुढे अगदी लहान. वरची माती आणि मऊ खडक झिजून वाहून गेला आणि हा कठीण भाग तेवढा उघडा उरला. याच पट्ट्यात तीन असे कातळ आहेत, स्टोन माउंटन, अरेबिया आणि पनोला, आणि गंमत म्हणजे तिघांच्या नशिबाला तीन वेगवेगळ्या गोष्टी आल्या, त्याकडे येतोच.

कातळावर सगळीकडे लहानमोठे खळगे आहेत, काही परातीएवढे, काही खोलीएवढे. त्यात पावसाचं पाणी साठतं, तळाला इंच-दोन इंच माती असते, आणि तेवढ्यात एक अख्खं जग चालतं. तो लाल गालिचा म्हणजे डायामॉर्फा नावाची इवलीशी मांसल वनस्पती, जेमतेम दोन-तीन इंच उंच. ती शरद ऋतूत रुजते, थंडीभर जमिनीला चिकटून राहते, मार्चमध्ये लाल होते आणि मग तिच्यावर बारीक पांढरी फुलं येतात, परागीभवन मुख्यतः मुंग्या करतात. मे महिन्यापर्यंत ती मरून वाळलेली असते. उन्हाळ्यात हा दगड इतका तापतो की पृष्ठभाग ५० अंशांच्या वर जातो, तेव्हा ही मेलेली रोपं बी आपल्या वाळक्या काड्यांवर वरच धरून ठेवतात, खाली तव्यावर पडू देत नाहीत, आणि गारवा आला की मग सोडतात. म्हणजे जूनमध्ये तुम्हाला जे वाळलेलं तपकिरी गवत वाटतं आणि ज्याच्यावर पाय ठेवायला काहीच वाटत नाही ती पुढच्या मार्चची सगळी पुंजी असते. हे ज्याला एकदा कळलं तो माणूस कातळावर वेगळं चालायला लागतो, आणि हे पहिल्याच वळणावर प्रत्येकाला कळेल अशी सोय तिथे अजून हवी तेवढी नाही.

डायामॉर्फा तरी भरपूर आहे. खरी दुर्मिळ मंडळी त्या पाणी धरणाऱ्या सपाट खळग्यांमध्ये आहेत. एक काळ्या बीजाणूंची क्विलवर्ट, गवतासारखी दिसणारी, फुलं न येणारी पाणवनस्पती, शास्त्रीय नाव आयसोइटिस मेलॅनोस्पोरा, ही जगात जवळजवळ फक्त जॉर्जियाच्या अशा कातळांवर मिळते. दुसरी पूल स्प्राइट, तिची दोन चिमुकली पानं पाण्यावर तरंगतात आणि दोऱ्यासारख्या देठाने खालच्या रोपाला बांधलेली असतात, डबकं भरलं की काही आठवड्यांत सगळं आयुष्य उरकायचं. १९८८ साली या दोन्हींना केंद्राच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घेतलं, पहिलीला जास्त वरच्या धोक्याच्या वर्गात. आता हे आयसोइटिस नाव महाराष्ट्रातल्या वनस्पतीशास्त्र शिकलेल्यांना ओळखीचं असेल. पाचगणीच्या टेबललँडवर याच कुळातली आयसोइटिस पंचगनीएन्सिस होते, सह्याद्रीच्या सड्यांवर आयसोइटिस सह्याद्रीएन्सिस होते. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या दगडावर, तसल्याच उथळ पाण्यात, त्याच घराण्यातली माणसं म्हणा ना, राहतायत, आणि दोन्हीकडे त्यांचा शत्रू एकच, पाय, चाकं आणि खाण. पाचगणीला घोडे आणि घोडागाड्या, इथे सायकल, बूट आणि कुत्री.

बरं, आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. या यादीत नाव आलं म्हणजे झाड वाचलं असं लोकांना वाटतं. तसं नाही. अमेरिकेचा धोक्यातल्या प्रजातींचा कायदा प्राण्यांना खासगी जमिनीवरही संरक्षण देतो, पण झाडांना नाही, झाडांना मुख्यतः सरकारी केंद्रीय जमिनीवर किंवा केंद्राची परवानगी-पैसा लागणाऱ्या कामात. तुमच्या मालकीच्या कातळावर ही क्विलवर्ट असेल आणि तुम्ही तिथे सुरुंग लावून खडी काढली तर हा कायदा फार काही करू शकत नाही. म्हणजे शेवटी सगळं येऊन थांबतं ते जमीन कोणाची आणि तिच्यावर काय करायची परवानगी कोण देतो या एका प्रश्नावर. बाकी सगळं, पाट्या, माहितीपत्रकं, इन्स्टाग्राम, हे सगळं चांगलंच आहे पण त्याच्या नंतरचं.

अरेबिया वाचला तो असाच, जमिनीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून इथे खाणी होत्या, लिथोनिया गाव त्याच्यावरच उभं राहिलं. रस्त्याच्या कडेचे दगड, फरसबंदीचे ठोकळे, इमारतींचे दगड, आणि उरलेल्याची बारीक खडी करून ती कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायला जायची. डेव्हिडसन कुटुंबाची इथे मोठी खाण होती. १९७० च्या दशकाच्या सुरवातीला त्या कुटुंबाने पाचशेहून जास्त एकर काउंटीला दान केले, आणि त्या बियाण्यातून आजचा सुमारे अडीच हजार एकरांचा डेव्हिडसन-अरेबिया माउंटन राखीव प्रदेश वाढला. आजही वर गेलात की दगडात ओळीने पाडलेली भोकं दिसतात, अर्धवट कापून सोडलेले ठोकळे, खाणीच्या कचेरीच्या छप्पर नसलेल्या भिंती. ते कोणी झाकलेलं नाही आणि मला ते फार आवडतं. निसर्ग म्हणजे माणसाचा हात न लागलेली जागा असं जे आपल्या डोक्यात भरवलेलं असतं ते इथे टिकत नाही, कारण इथे प्रत्येक दहा पावलांवर माणसाचा हात दिसतो आणि त्याच भोकांच्या बाजूला डायामॉर्फा लाल झालेली असते.

आणि इथूनच २००६ सालचा तो शहाणपणाचा निर्णय येतो. त्या वर्षी अमेरिकन काँग्रेसने या राखीव प्रदेशाबरोबरच आजूबाजूचा ४० हजार एकरांहून मोठा टापू, डीकाल्ब, रॉकडेल आणि हेन्री अशा तीन काउंट्यांमध्ये पसरलेला, नॅशनल हेरिटेज एरिया म्हणून जाहीर केला. हा प्रकार १९८४ ला सुरू झाला, आज देशात असे साठहून जास्त टापू आहेत. नॅशनल पार्कमध्ये सरकार जमीन घेतं आणि माणसं बाहेर जातात. हेरिटेज एरियामध्ये माणसं तिथेच राहतात, घरं, शेतं, चर्च, दुकानं सगळं तसंच, आणि तरी कायदा म्हणतो की हा अख्खा टापू मिळून एक गोष्ट आहे, देशाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. कल्पना म्हणून याला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे.

कारण बघा त्या हद्दीत काय काय आलं. फ्लॅट रॉक आलं, जॉर्जियातल्या सगळ्यात जुन्या आफ्रिकन-अमेरिकन वस्त्यांपैकी एक. गुलामगिरीच्या काळात या भागातल्या शेतांवर राबणारी कुटुंबं स्वातंत्र्यानंतर इथेच राहिली. विसाव्या शतकाच्या सुरवातीला दक्षिणेतले लाखो कृष्णवर्णीय लोक वंशद्वेष आणि गरिबीला कंटाळून शिकागो, डेट्रॉइटकडे निघून गेले, तेव्हा टी. ए. ब्रायंट नावाच्या इथल्या माणसाने १९२० च्या दशकात जमीन विकत घेतली आणि तिचे तुकडे आपल्याच शेजाऱ्यांना विकले, म्हणजे त्यांना स्वतःची जमीन होईल आणि ते गाव सोडून जाणार नाहीत. त्याचं घर आज तिथलं संग्रहालय आहे, फ्लॅट रॉक आर्काइव्ह्ज. एका माणसाने जमिनीच्या जोरावर गाव टिकवलं, ही गोष्ट मला त्या सगळ्या टापूतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, कातळापेक्षाही. जवळच गुलामगिरीतल्या लोकांचं कब्रस्तान आहे, झाडीत, कबरींवर नावं नाहीत, नुसते शेतातले दगड उभे केलेले. मग लायन फार्म आहे, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं शेत, जिथे गुलाम राबवले जायचे आणि ज्यांच्या वंशजांची नाळ फ्लॅट रॉकशी जोडलेली आहे. हे शेत हद्दीच्या आत आहे आणि कब्रस्तानही आत आहे, म्हणून मालकाचं घर बघा आणि बाकीचं विसरा असं करायची सोय राहत नाही.

त्याच हद्दीत कॉन्यर्सजवळचा ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ आहे, १९४४ साली केंटकीहून आलेल्या साधूंनी सुरू केलेला, आधी ते गोठ्यात राहिले आणि मग स्वतःच्या हातांनी काँक्रीटचं भलंमोठं चर्च बांधलं. साउथ रिव्हर नदी आहे. शंख-जिऱ्यासारख्या मऊ दगडातून स्थानिक आदिवासींनी हजारो वर्षांपूर्वी भांडी कोरली त्या जागा याच बाजूला आहेत. हे सगळं जोडणारा सायकल-पायवाटेचा पक्का ट्रेल आहे, तीसेक मैलांचा. आणि पनोला माउंटन आहे.

पनोलाबद्दल थोडं थांबतो. तीन कातळांची तीन नशिबं म्हणालो ती अशी. स्टोन माउंटनच्या पोटावर अमेरिकन यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या तीन सेनानी-नेत्यांचं अवाढव्य शिल्प कोरलं, १९७२ ला पूर्ण झालं, आणि १९१५ साली कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवर्चस्ववादी संघटनेचं पुनरुज्जीवन त्याच डोंगराच्या माथ्यावर झालं होतं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या भाषणात जॉर्जियाच्या स्टोन माउंटनवरूनही स्वातंत्र्याचा घोष होऊ दे असं म्हटलं ते त्याच डोंगराबद्दल. आज तिथे केबल कार आहे, पार्किंगचे पैसे आहेत, शिल्प हलवायला राज्याच्या कायद्याने बंदी आहे. अरेबिया खणला गेला, मग दान झाला. पनोला मात्र कधी खणलाच गेला नाही. सुमारे शंभर एकरांचा उघडा कातळ, १९८० पासून राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा, आणि तिथे आजही तुम्ही एकटे वर जाऊ शकत नाही, पार्कच्या माणसाबरोबर गटानेच जायचं. दोन कातळ, काही मैलांच्या अंतरावर, एकावर कुणीही कधीही आणि दुसऱ्यावर मार्गदर्शकाबरोबरच. दोन्ही बघितलेल्या माणसाला फरक सांगायला लागत नाही. पनोलावरची शेवाळं आणि दगडफूल, मातीचे छोटे छोटे बेट, जसेच्या तसे. अरेबियावर माथ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूला दगड गुळगुळीत झालेला, खळग्यांच्या काठाची माती सरकलेली, आणि लोकांनी हौसेने रचलेल्या दगडांच्या उतरंडी. तिथे वाट दाखवायला कर्मचाऱ्यांनी रचलेले दगडांचे ढीग आहेत, त्यांच्या बाजूला कुणीतरी आपले रचतं, मग वाट चुकते, मग आणखी लोक खळग्यांतून चालतात. आणि काठाची माती सरकली की खळगा पाणी धरत नाही, पाणी नाही तर पूल स्प्राइट नाही, इतकं ते थेट आहे.

म्हणून माझं पहिलं म्हणणं, अरेबियाचा जो भाग पाणी धरणाऱ्या खळग्यांचा आहे तो निदान डिसेंबर ते मे फक्त मार्गदर्शकाबरोबर बघायला ठेवावा, बाकीचा डोंगर उघडाच राहू दे. याला जो विरोध होतो तो मला समजतो आणि तो हलक्यात घ्यायचा नाही. दक्षिण डीकाल्बमध्ये राहणारे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आहेत, त्यांच्या आजोबा-पणजोबांना एकेकाळी चांगल्या पार्कमध्ये शिरू दिलं जात नव्हतं, आणि आता घराजवळ एक सुंदर मोकळी जागा आहे तर तिथेही परवानगी घ्या म्हणणं कसं वाटेल? यावर उत्तर एकच, पैसे घ्यायचे नाहीत, आधी नावनोंदणी शहराबाहेरच्या फोनवाल्यांसाठीच सोयीची होईल असं करायचं नाही, आणि मार्गदर्शक फ्लॅट रॉक आणि लिथोनियाचेच लोक असावेत, पगारावर. आपल्या कासच्या पठाराचं उदाहरण यात उपयोगी आहे. तिथे २०१२ नंतर, जागतिक वारसा म्हटल्यावर गर्दी इतकी वाढली की ऑनलाइन बुकिंग आणि रोजची मर्यादा आणावी लागली, आणि कारभार आजूबाजूच्या गावांच्या समितीकडे दिला, गावातलीच पोरं गाइड झाली. त्याच कासला कुंपण घातलं, गुरं चरायची थांबली, गवत माजलं आणि फुलं मागे पडली अशी ओरड झाल्यावर कुंपण काढलंही. म्हणजे बंद करणं हे प्रत्येक वेळी बरोबर असतंच असं नाही, पण कोण बंद करतंय आणि कोणाला काम मिळतंय यावर पुष्कळ अवलंबून असतं.

पण हा तरी सोपा भाग. अवघड भाग डोंगराबाहेर आहे.

हेरिटेज एरियाचा कायदा वाचला की कळतं की त्याने काय दिलं आणि काय दिलं नाही. दिलं ते नाव, नॅशनल पार्क सर्व्हिसचं मार्गदर्शन, आणि थोडा पैसा, तोही अशा अटीवर की तेवढाच पैसा स्थानिकांनी उभा करायचा. दिलं नाही ते जमिनीवरचा कुठलाही अधिकार. हेरिटेज एरिया चालवणारी संस्था, इथे अरेबिया माउंटन हेरिटेज एरिया अलायन्स ही ना-नफा संस्था आहे, ती केंद्राच्या पैशातून जमीन विकत घेऊ शकत नाही, कुणाला बांधू नको म्हणू शकत नाही, झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल याचे नियम, बदलू शकत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलंय, कारण खेड्यातल्या जमीनमालकांना भीती होती की हेरिटेज म्हणजे सरकार जमीन हडपणार. ती भीती दूर करायला दात काढून टाकले. मला वाटतं तेव्हा ते कदाचित गरजेचं होतं, नाहीतर कायदा झालाच नसता, पण त्याला आता वीस वर्षं होत आलीत आणि आपण अजून नावाच्या पाटीलाच संरक्षण समजतोय.

जमिनीचा खरा निर्णय होतो तो नगर परिषदेत आणि काउंटीत. स्टोनक्रेस्ट हे शहर २०१७ पासूनचं, नवं. त्याच्या झोनिंग नियमांमध्ये अरेबिया माउंटनसाठी एक वेगळा संरक्षण-पट्टा आहे, त्यात बांधकाम कसं आणि किती यावर जादा अटी आहेत, आणि त्या अटी चांगल्या आहेत. पण असा पट्टा म्हणजे शहराचा साधा नियम, परिषदेने मत देऊन ठेवलेला, परिषदेने मत देऊन बदलता येणारा, आणि प्रत्येक प्लॉटला अपवाद मागता येणारा. दुसऱ्या काउंटीत गेलात की तो पट्टा लागूच होत नाही. आणि आय-२० च्या बाजूला गोदामांची मागणी आहे, घरांची आहे, आता डेटा सेंटरवाल्यांची पण नजर अशा मोकळ्या जमिनींवर असते. कोण गुन्हेगार आहे असं म्हणायचं नाही, गावाला कर पाहिजे, लोकांना नोकऱ्या पाहिजेत, दक्षिण डीकाल्बला वर्षानुवर्षं गुंतवणूक कमी मिळाली हे खरंय. पण एकेक प्लॉट एकेक सुनावणीत सुटत गेला की शेवटी उरतं काय, मधे एक कातळ आणि भोवती ट्रक. तेव्हा पाणी कुठून येणार, बेडूक कुठून येणार, आणि फ्लॅट रॉकमधून त्या कब्रस्तानापर्यंत जाणारी झाडी कुठे राहणार.

पाण्याचंच बघा. साउथ रिव्हर ही या टापूची नदी, अटलांटाच्या दक्षिण भागातून निघून इथून वाहते. वर्षानुवर्षं गटाराचं पाणी फुटून तिच्यात जात राहिलं आणि २०२१ साली देशातल्या सर्वात धोक्यातल्या नद्यांच्या एका नामांकित यादीत ती आली. ती हेरिटेज एरियाच्या नकाशावर निळ्या रंगाने छान दाखवलेली असते. पण तिच्यात जे येतं ते हद्दीच्या वर, शहराच्या बाजूला ठरतं, आणि तिथे या हेरिटेजवाल्यांना विचारायचं बंधन कोणावरच नाही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. या हद्दीत झोनिंग बदलायचं, अपवाद द्यायचा किंवा मोठं बांधकाम मंजूर करायचं असेल तर आधी हेरिटेज संस्थेचं लेखी मत आणि फ्लॅट रॉकसारख्या वस्त्यांचं म्हणणं मागवणं तिन्ही काउंट्यांनी आणि शहरांनी स्वतःच्या नियमात सक्तीचं करावं, आणि त्या मताविरुद्ध जायचं असेल तर परिषदेने कारणं लेखी द्यावीत. हे करायला वॉशिंग्टनला जायची गरज नाही. नकाराधिकार द्या असंही मी म्हणत नाही, निवडून आलेल्यांनीच निर्णय घ्यावा, पण उजेडात घ्यावा. आणि दुसरं, काउंटीचा आणि राज्याचा पुढचा पैसा पार्किंग आणि व्हिजिटर सेंटरवर जायच्या आधी जमीन घेण्यावर किंवा मालकांशी संवर्धनाचे करार करण्यावर जावा. अरेबिया वाचला कारण जमीन दान झाली. फ्लॅट रॉक वाचलं कारण ब्रायंटने जमीन घेतली. पनोला सरकारच्या ताब्यात आहे म्हणून वाचला. या टापूत जे जे म्हणून टिकलंय ते जमिनीमुळे टिकलंय, तर पुढचं पण तसंच टिकेल.

यावर एक आक्षेप असा येतो की संरक्षण वाढलं की जमिनीचे भाव वाढतात, कर वाढतो आणि पिढ्यान् पिढ्या राहिलेली जुनी कुटुंबंच बाहेर जातात, मग हेरिटेज कोणाचं. हा आक्षेप मला सगळ्यात जास्त वजनदार वाटतो. जॉर्जियात दहा वर्षं जमीन शेती-जंगलाखाली ठेवायचा करार केला की मालमत्ता कर कमी होतो अशी योजना आहे, पण ती मुख्यतः दहा एकर आणि त्याहून मोठ्या जमिनींच्या सोयीची, एक-दोन एकरवाल्या फ्लॅट रॉकच्या घराला तिचा उपयोग करून घेणं जड जातं. तर हेरिटेज एरियाच्या आतल्या जुन्या लहान जमीनमालकांसाठी वेगळी करसवलत ही त्याच नियमाचा भाग असली पाहिजे, नंतर बघू म्हणून ठेवायची गोष्ट नव्हे. ज्या लोकांच्या पूर्वजांनी हा दगड फोडला त्यांना या दगडाच्या शेजारी राहणं परवडलं पाहिजे.

दगड फोडणाऱ्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. खाणीत युरोपातून आलेले कुशल पाथरवट होते आणि इथले कृष्णवर्णीय मजूर होते, नावं बहुतेकांची कुठे नाहीत. महाराष्ट्रात आपली धरणं, घाटरस्ते, रेल्वेचे बोगदे ज्यांनी फोडले त्या वडार समाजाची पण अशीच गत आहे, किल्ल्याच्या प्रत्येक बुरुजाचं नाव आपल्याला पाठ आणि दगड घडवणाऱ्याचं एकही नाही. अरेबियाने निदान खाणीला वारशात धरलं, मजुरांच्या वस्तीला धरलं, त्याबद्दल मला या टापूचं मनापासून कौतुक आहे आणि आपल्याकडे हे व्हायला हवं असं फार वाटतं.

आपल्याकडे म्हणजे कुठे, तर कोकणात. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ ला युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे, आणि गोव्यातलं फणसईमाळ पण. उक्षीच्या हत्तीभोवती छान गोल कठडा बांधलाय. पण कठड्याच्या बाहेरचा सडा? तोच सडा, त्याच्यावर पावसाळ्यात सीतेची आसवं आणि सोनकी, तिथलीच डबकी, गुरं, कातळावर भात झोडायच्या जागा, आणि तिथेच चिरेखाणी. २०२३ ला बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा गावातल्या बाया-माणसं उन्हात कातळावर आडवी झाली, त्या वेळी चर्चा होती की शिल्पं कुठल्या सर्व्हे नंबरात येतात आणि कुठल्यात नाही. चित्राभोवती काही मीटर सोडायचे आणि बाकीचं मोकळं, एवढंच आपल्या कायद्याला सुचतं. हजारो वर्षांपूर्वी तो हत्ती कोरणाऱ्याने त्या सड्यावर पाणी बघितलं असेल, जनावरं बघितली असतील, म्हणून तो तिथे आहे. अख्खा सडा, गाव, गुरं, खाण, शिल्प मिळून एक वारसा असं म्हणायची सोय कोकणाला पाहिजे, आणि ती करताना अरेबियाची चूक टाळून सुरवातीलाच ग्रामसभेच्या मताला त्यात बंधनकारक जागा पाहिजे.

आता आपल्या इथल्या लोकांना एक सांगायचंय, थोडं कडू लागेल. अटलांटातले बहुतेक मराठी लोक उत्तरेच्या उपनगरांत राहतात, अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग. आपण ट्रेकला उत्तरेला ब्लू रिजकडे जातो. दक्षिण डीकाल्बचं नाव काढलं की ऐकू येतं, तो एरिया चांगला नाही, तिकडे कशाला. त्या वाक्याचा अर्थ काय असतो ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, तिथे कृष्णवर्णीय लोक राहतात एवढाच. जातीच्या वस्त्यांबद्दल आपल्या घरात जी भाषा ऐकत आपण मोठे झालो तीच इथे इंग्रजीत येते. मी त्या ट्रेलवर गेलोय, फ्लॅट रॉकमधल्या वयस्कर माणसांशी बोललोय, चर्चमधून परतणाऱ्या आज्या थांबून हवापाण्याच्या गप्पा मारतात, कुठून आलात विचारतात, आणि त्यांच्या घराण्याच्या गोष्टी सांगायला बसल्या की वेळ कसा जातो कळत नाही. आपली मुलं या देशात वाढतायत, शाळेत त्यांना गुलामगिरीवर दोन-चार पानं असतात. त्या नाव नसलेल्या दगडांसमोर त्यांना एकदा न्या. मार्चमध्ये लाल गालिच्याचे फोटो काढायला येणार असाल तर जरूर या, पण खळग्यात उतरून पोज देऊ नका, मुलांना दगड रचू देऊ नका, कुत्र्याला पट्टा ठेवा, आणि त्याच दिवशी फ्लॅट रॉकला पण जा.

आणि त्याहून महत्त्वाचं, आपल्यापैकी जे डीकाल्ब, रॉकडेल, हेन्री या काउंट्यांत राहतात, मतदार आहेत, घर आहे, त्यांनी झोनिंगच्या सुनावण्यांना जावं. या सुनावण्या लोकांसाठी खुल्या असतात, बोलायला प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळतात, ऑनलाइनही बऱ्याचदा बघता येतात. बिल्डरचे वकील प्रत्येक वेळी हजर असतात. कातळाच्या बाजूने फ्लॅट रॉकची तीच तीच म्हातारी माणसं उभी राहतात, वर्षानुवर्षं, आणि त्यांच्या मागच्या खुर्च्या रिकाम्या असतात. तिथे जाऊन लेखी मताची सक्ती, पूर्ण टापूला सारखा संरक्षण-पट्टा आणि लहान जमीनमालकांना करसवलत या तीन गोष्टी मागायच्या, नाव सांगून, पत्ता सांगून, प्रत्येक सुनावणीला.